शेवग्यावरचा डबा

निसर्ग हाच माझा पहिला आणि खरा गुरू, हे वाक्य मी आजवर तीन सत्कारांत म्हटलं आहे आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या आहेत. अंगावर शाल असली की माणसाला असं बोलायला सुचतं. त्यात खोटं काही नाही. फक्त एवढं सांगायचं राहून जातं की या गुरूकडे मी स्वतःच्या पायांनी गेले नव्हते. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता, खाट मागच्या खोलीच्या खिडकीला लावली होती, आणि आईने माझ्या हातात एक सुतळी दिली होती. त्या सुतळीचं काम पाखरं हाकलणं हे होतं. पाखरं बघण्याचा नाद मला लागला तो पाखरं हाकलता हाकलता. हे सांगितलं तर शाल परत मागतील, म्हणून मी सांगत नाही.

पाय कसा मोडला हे सांगण्यातही फारसा मान नव्हता. पेंढ्याच्या उडवीवरून पडले म्हटलं की लोक विचारत, पेंढ्यावर पडून कुणाचं हाड मोडतं का? नाही मोडत. पण मी पेंढ्यावर पडले नव्हते, पेंढ्यावरून पडले होते, आणि खाली आईने धुऊन ठेवलेलं दगडी उखळ होतं. कर्जतच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना खाटेवरून उतरायचं नाही. माझी सातवीची परीक्षा बुडाली. मास्तरांनी मला न तपासताच वरच्या वर्गात घातलं. परीक्षा दिली असती तर त्यांना इतकं उदार होता आलं नसतं.

आमचं घर दहिवलीत, भातखाचरांच्या कडेला. पुढे ओटी, मागे परस. परसात शेवगा, कढीपत्ता, दोन पपया, खिडकीला लागूनच माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेली लाल जास्वंद, आणि कुंपणापलीकडे बांबूचं बेट. आईचं माहेर घाटावरचं. लग्न होऊन ती बोरघाट उतरून आली तेव्हा तिने येताना गहू आणि स्वतःची मतं आणली होती, आणि कोकणात राहून दोन्हींना कीड लागू दिली नव्हती. त्यामुळे उन्हाळ्यात आमच्या परसात दोन प्रांतांचं वाळवण एकाच वेळी पडायचं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, घरची म्हणून तांदळाच्या पापड्या आणि पोह्यांचे पापड. आईच्या घरची म्हणून कुरडया. भल्या सकाळी चुलीवर गव्हाचा चीक शिजायला लागला की त्याचा वास माझ्या खाटेपर्यंत येई. पहिली वाटी मला मिळे, वर तूप आणि गुळाचा खडा. मग सोऱ्याची करकर सुरू होई. ऊन चढेपर्यंत परसात जुन्या लुगड्यांवर कुरडयांची पांढरी चाकं मांडलेली असत, आणि शेजारच्या प्रत्येक कावळ्याला त्याची बातमी पोचलेली असे.

कुणी नुसतं पडून राहिलेलं आईला बघवत नसे. प्लास्टर घालून आणल्याच्या तिसऱ्या दिवशी ती खाटेशी येऊन उभी राहिली.

"पाय मोडलाय. हात न्हाईत ना मोडले?"

भात दाण्यावर आलं की आमच्याकडे खाचरात पत्र्याचे डबे टांगतात. आत खडे भरतात, दोरीचं टोक बांधावरच्या माणसाच्या हातात. पाखरांचा थवा उतरला की दोरी ओढायची. तोच डबा आईने शेवग्याच्या फांदीला टांगला, सुतळी खिडकीच्या गजांतून आत घेतली आणि तिचं टोक माझ्या मनगटाला बांधलं. सुतळी ओढली की असा खडखडाट व्हायचा की कावळे तर उडतच, पण पलीकडच्या घरातली म्हातारीही शिव्या देत दारात यायची.

पहिले दोन दिवस मी दिसेल त्या पाखरावर डबा वाजवला. तिसऱ्या दिवशी दंड दुखायला लागला, आणि त्या दुखण्यातून माझं पक्षिशास्त्र जन्माला आलं. पाखरांच्या दोन जाती असतात असं माझ्या लक्षात आलं. कुरडया खाणारी आणि न खाणारी. कावळे, चिमण्या आणि साळुंक्या पहिल्या जातीतल्या. दुसरीतल्यांसाठी दंड दुखवायचं कारण नव्हतं. पण कोण कुठल्या जातीतलं हे कळायला त्यांच्याकडे नीट बघावं लागे. पुढे मी पक्ष्यांवरची जाडजूड पुस्तकं वाचली, त्यात चोचींचे आणि नखांचे कितीतरी प्रकार दिले आहेत, पण माझ्या वर्गीकरणाइतकं कामाचं मला अजून सापडलेलं नाही.

तर न खाणाऱ्यांत पहिला नंबर दयाळाचा. काळा-पांढरा, शेपटी सतत वर. उजाडायच्या आधी तो कपड्यांच्या दोरीच्या खांबावर बसून शीळ घाली आणि मधेच थांबून आपणच केलेल्या शिळेकडे कान देई. शिंपी इतका लहान की कढीपत्त्याचं एक पान हलायचं आणि तेच पान ओरडायचं. सातभाई सकाळी दहाच्या सुमारास येत, कधी सहा तर कधी नऊ, पण सात कधीच नाहीत, आणि सगळे एकाच वेळी बोलत. त्यांचं एकमत होऊन ते उठले असं मी कधी पाहिलं नाही, कंटाळून उठत. जांभळा शिंजीर आबांच्या दाढीच्या आरशाशी भांडायचा. मागच्या भिंतीवरचा तो आरसा आबा सकाळी वापरत आणि शिंजीर उरलेला दिवस. कोण आपल्या हद्दीत घुसलाय ते बघायला तो इतक्या वेळा यायचा की आरशाच्या चौकटीवर त्याने पांढरी नक्षी काढून ठेवली होती. दुपारी सगळं गप्प झालं की लांब पिंपळावरून तांबटाची टुक-टुक येई, आणि त्या तालावर मला झोप लागे. तेवढ्या वेळात कावळे आपला वाटा नेत. आई तो मोजत नसे, पण मला उठवताना कान पिरगाळी.

आणि बुलबुल. खिडकीलगतच्या जास्वंदीत, माझ्या उशीपासून हातभर अंतरावर, बुलबुलाच्या जोडीने वाटीएवढं घरटं केलं होतं. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका, आणि चेहऱ्यावर कायम आत्ताच काहीतरी ऐकल्यासारखा भाव. पानं जराशी बाजूला झाली की मला घरट्यात दोन गुलाबी चोची दिसत, माझ्या नखापेक्षा मोठ्या नसतील, पण उघडल्या की सबंध पिल्लू म्हणजे एक तोंडच असे. मी त्यांची मालकीणच असल्यासारखी वागत होते. जास्वंदीचं फूल पूजेला तोडायला आलेल्या आईला मी घरट्याच्या बाजूची फुलं तोडू दिली नाहीत.

आता आबांविषयी सांगायला हवं. आमचे आबा अध्यक्ष होते. कशाचे, ते वेळेनुसार बदले. देवळाचे, शाळेच्या समितीचे, जयंतीचे, एकदा तर एका सहलीचे. त्यांचा एक काळा कोट होता आणि तो घातला की त्यांचा आवाज दोन पट्ट्या खाली जाई. माणूस मनाने मऊ. इतका मऊ, की "नाही" हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. तो शब्द त्यांच्या वतीने भारद्वाज बोलायचा. भारद्वाज दिसला की काम होतं असं आमच्याकडे सगळेच मानतात, पण आबांनी त्या पक्ष्याला कारभारात घेतला होता. कुणी काही मागायला आलं की आबा म्हणत, "बघू. निघताना भारद्वाज दिसला तर येतो." मग ज्या कामाला जायचं असे त्या सकाळी ते परसात उभे राहून तो दिसेपर्यंत थांबत, आणि ज्या कामाला जायचं नसे त्या सकाळी दाढी झाली की ते परसात परत फिरकतच नसत. हे त्यांना स्वतःला माहीत होतं की नाही, याविषयी मी आणि माझी बहीण अजून वाद घालतो.

माझी बहीण शालन माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. बारावी होऊन वर्ष झालं होतं. तिला नर्स व्हायचं होतं. पनवेलच्या पलीकडच्या एका नर्सिंगच्या शाळेत तिने अर्ज केला होता. त्याच सुमाराला लोधिवलीचं एक स्थळ आलं होतं, मुलाची भाताची गिरणी, एक टेंपो आणि अंगठीत मावणार नाहीत अशी बोटं. आबांनी दोन्हींना "बघू" म्हटलं होतं. मग मुलाखतीचं पत्र आलं. ताईने ते आबांपुढे ठेवलं, आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि कोट अंगात नसतानाही खालच्या पट्टीत म्हणाले,

"त्या सकाळी भारद्वाज दिसला तर मी स्वतः तुला घेऊन जाईन. नाय दिसला तर लोधिवलीवाल्यांना होकार देऊ. त्याच्या मनात काय हाय ते त्यालाच ठावं."

रात्री ताई माझ्या पायाशी येऊन बसली आणि प्लास्टरवर नखाने रेघा ओढत म्हणाली, "नंदे, तो रोज येतो ना गं?"

रोज यायचा. सकाळी साडेसहाला बांबूच्या बेटातून खाली उतरायचा आणि कुंपणाच्या कडेकडेने चालत जायचा, काळा झगा, विटकरी पंख, लाल डोळे, आपल्या जमिनीची मोजणी करायला निघाल्यासारखा. त्याने कुरडईकडे कधी पाहिलंही नव्हतं. माझ्या हिशेबी तो दुसऱ्या जातीत होता. "डोळे मिटून जा," मी ताईला म्हटलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी तो कुंपण सोडून जास्वंदीत शिरला. मी बघतच राहिले. बुलबुल डोक्यावर येऊन किंचाळत होते, त्याला टोचत होते, तो ढिम्म. एक पिल्लू, मग दुसरं. मग घरट्यात चोच पुसली आणि कूप-कूप करत निघून गेला. सुतळी माझ्या मनगटालाच होती. ती ओढायचं मला सुचलं नाही, कारण आजवर आम्हाला त्याच्यापुढे हात जोडायला शिकवलं होतं.

मी रडून घर डोक्यावर घेतलं. आई आली, बघितलं आणि म्हणाली, "पाखरूच हाय ते. खायला काय त्याला चहा-चपाती घालायची?" आबांनी मात्र माझं म्हणणं फेटाळलं. "भारद्वाज मांस खात नाय. ऋषीचं नाव हाय त्याचं."

"आबा, मी बघितलं!"

"सरडा असंल."

"सरड्याने पिल्लं खाल्ली?"

"मी म्हणतो, तू बघितलास तो सरडा असंल." यावर सभा संपली.

त्या दुपारी वरच्या ठाकूरवाडीतली जानकीबाय आली. ती आठवड्यातून दोनदा करवंदं घेऊन खाली उतरे आणि आमच्या खिडकीखालच्या दगडावर बसून पाणी पिई. पळसाच्या पानाच्या द्रोणात मला मूठभर करवंदं देऊन ती चीक लागलेली बोटं लुगड्याला पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं.

ती इतकी हसली की पाटी कलंडली. "कुकुडकुंभा नाय खाणार तर कोण खाणार गं पोरी? पिल्लू खातो, अंडं खातो, सापाचं पोर खातो. नीट न्याहारी करतो तो."

"पण तो दिसला की काम होतं म्हणतात."

"आमच्या वाडीवर रोज दिसतो. सकाळी दिसतो, सांजचा दिसतो. मग आमच्या दारात हत्ती नको झुलाया?" तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ओटीवर पेपर वाचत बसलेल्या आबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबांना सांग, देवाला उपास घडवू नका." आबांनी पेपर वर धरला.

बुलबुलांनी चार दिवस शोक केला असं म्हणायला मला आवडलं असतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच जास्वंदीत, थोडं आतल्या अंगाला, नवीन काड्या आणायला सुरुवात केली. कोळ्याचं जाळं चोचीत गुंडाळून आणायचे आणि काड्यांना लिंपायचे. या खेपेला तीन अंडी. आणि या खेपेला माझ्या हातात सुतळी आहे हे माझ्या लक्षात होतं. तो साडेसहाला कुंपणाकडे उतरला की मी डबा वाजवायची. घरात कुणाला संशय येत नसे, डबा दिवसभर वाजतच असे. अंड्यांची पिल्लं झाली, पिल्लांना काटे फुटले, काट्यांची पिसं झाली, आणि पंधरवड्याहून जास्त दिवस मी देवाला हाकलत होते. मोठी सेवा केल्यासारखं वाटत होतं.

मुलाखतीला चार दिवस उरले तेव्हा ताई सकाळी येऊन माझ्या खाटेवर बसली. साडेसहा झाले, पावणेसात झाले. भारद्वाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या मनगटावरच्या सुतळीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि माझं तोंड कधीच काही लपवू शकलेलं नाही.

"तू हाकलतेस त्याला."

"पिल्लं आहेत ताई. तीन आहेत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सुतळीची गाठ सोडली आणि टोक खिडकीच्या गजाला बांधलं. "परवा सकाळपर्यंत डबा गप्प ठेव," ती म्हणाली. "कुरडया जाऊ देत. आईला मी सांगते." मग दारात जाऊन परत वळली. "त्या गिरणीवाल्याच्या आईने विचारलंय, मुलीला पहाटे चारला उठायची सवय आहे का."

मी डबा गप्प ठेवला. कावळ्यांनी काय केलं ते सांगत नाही.

मुलाखतीच्या दिवशी पाचलाच घर जागं झालं. आईने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी फडक्यात बांधली. ताईने आकाशी साडी नेसली होती आणि प्रमाणपत्रांची पिशवी ती छातीशी धरून बसली होती. आबांनी आरशाशी दाढी केली, शिंजीर यायच्या आधी. कोट घातला, टोपी घातली. एस. टी. कर्जतच्या स्टँडवरून साडेसातला सुटायची आणि स्टँड वीस मिनिटांवर. साडेसहा झाले. आबा ओटीवर होते. दाढी उरकल्यावर ते परसात फिरकले नव्हते. हे ताईच्या लक्षात आलं होतं, माझ्याही आलं होतं. पावणेसातला आई दारात उभी राहून म्हणाली, "अवो, गाडी काय भारद्वाज हाकतोय का? निघा." आबा म्हणाले, "शब्द दिलाय, म्हंजे दिलाय." तो शब्द त्यांनी नक्की कुणाला दिला होता ते कळलं नाही.

सातला दहा कमी असताना बांबूच्या बेटात काहीतरी जड हललं. मग तो कुंपणावर दिसला. कुंपणावरून खाली. मी ओरडले, "आला! आबा, आला!"

ताई धावत आली. आबाही निघाले, पण अध्यक्षाच्या चालीने. दर्शनाला पायात चपला चालत नाहीत म्हणून ओटीवर चपला काढल्या, मोरीत जाऊन डोळ्यांना पाणी लावलं, टोपी सारखी केली. तेवढ्यात भारद्वाज कुंपण सोडून सरळ जास्वंदीकडे आला, दोन उड्यांत आत शिरला आणि पानांत दिसेनासा झाला. बुलबुल किंचाळायला लागले.

आबा माझ्या खाटेपाशी हात जोडून उभे राहिले. "कुठं हाय?"

"जास्वंदीत. आत आहे."

"मला दिसत नाय."

"झाड हलतंय बघा ना!"

"झाडाचं दर्शन नाय चालत, नंदे. तो दिसाया पायजे." आणि हात जोडलेले तसेच ठेवून ते वाट बघत राहिले. आई म्हणाली, "सात वाजले." खिडकीपासून हातभर अंतरावर, एका पानाच्या पलीकडे, तो लाल डोळा मला दिसत होता. पिल्लांना पिसं आली होती, दोन दिवसांत ती उडाली असती. सुतळी गजाला बांधलेली होती. ओढली तर तो बेटाकडे पळणार, मग दर्शन गेलं आणि ताईची मुलाखतही. न ओढली तर तो तिन्ही पिल्लं सावकाश संपवून परसात येणार, छान दिसणार, आबा समाधानाने निघणार. मी ताईकडे बघितलं. तिने पिशवी इतकी घट्ट धरली होती की आतले कागद मोडल्याचा आवाज आला.

"नंदे," ती म्हणाली, "ओढ."

मी ओढली. तसा मी तो डबा आधी कधी वाजवला नव्हता. फांदीच मोडली असती. शेवग्यावरून कावळे उठले, पलीकडची म्हातारी शिव्या देत बाहेर आली, आणि जास्वंदीतून भारद्वाज धडपडत बाहेर पडला. डबा बेटाच्या बाजूला होता, त्यामुळे तिकडे जायची त्याची हिंमत झाली नाही. तो उलटा वळला आणि खिडकीच्या समोरून, आबांच्या नाकासमोरून, डावीकडून उजवीकडे, विटकरी पंख पुरते पसरून गेला. इतक्या जवळून आणि इतका सबंध तो आमच्या घरात कुणी कधीच पाहिला नव्हता. त्याच्या चोचीत एक पिल्लू होतं.

मग आबांचा आवाज आला, कोटातला.

"उजवा गेला! आणि तोंडात घास! बघितलंस का गं? घास घेऊन गेला. पोरगी जन्मात उपाशी राहाची नाय."

"आबा, ते पिल्लू होतं," मी रडत म्हटलं.

"सरडा," आबा म्हणाले, आणि ताईला घेऊन अनवाणीच निघाले. आई चपला घेऊन मागून धावली.

दुपारी मी धीर करून पानं बाजूला केली. घरट्यात दोन चोची होत्या, आणि बुलबुल त्यांना पपईचा लाल तुकडा भरवत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक पिल्लू काठावर चढून बसलं, अर्धा तास विचार केला आणि माझ्या खिडकीच्या गजावर येऊन आदळलं. तिथून कढीपत्त्यावर. दुसरं संध्याकाळी गेलं. त्यांना उडताना बघून मी टाळ्या वाजवल्या, आणि प्लास्टरच्या आत पायाला इतकी खाज सुटली होती की त्या टाळ्या आनंदाच्या होत्या की काय ते मला आज नक्की सांगता येणार नाही.

आता त्या बेटाच्या जागी एका मुंबईवाल्याचं फार्महाऊस आहे. शनिवार-रविवारी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं आमच्या कुंपणाशी येतात आणि हळू आवाजात विचारतात, "काकू, इथे भारद्वाज दिसतो का?" दिसतो. गजांच्या जागी सरकत्या काचा आल्या, जास्वंद दुसरी आहे, पण खिडकी तीच, आणि मी सकाळी चहा घेऊन तिथेच बसते. शिंजिरांना काचेत प्रतिस्पर्धी सापडला आहे. आता हाकलायचं काही कारण नाही, कुरडया मी विकत आणते. ताई निवृत्त झाल्यापासून महिन्यातून एकदा येते, माझ्या शेजारी बसते, आणि भारद्वाज उतरला की दोघींचे हात नकळत सुतळीकडे जातात, सुतळी नसली तरी. त्या दिवशी ओढ का म्हणालीस, असं मी तिला एकदा विचारलं. माझी अपेक्षा काही मोठं ऐकायला मिळेल अशी होती. ती म्हणाली, "ती पाखरं ओरडत होती गं. ते ओरडणं ऐकवेना." मग बशीतला चहा फुंकून पुढे म्हणाली, "नोकरीतही तेच. ओरडणाऱ्याकडे आधी जायचं, बाकीचं मग."

ती मेट्रन म्हणून निवृत्त झाली. निरोपसमारंभात आबांना, तेव्हा ते खूप थकले होते, दोन शब्द बोलायला सांगितलं. ते कोट घालून उभे राहिले आणि चोचीत घास घेऊन उजवा गेलेल्या भारद्वाजाविषयी चाळीस मिनिटं बोलले. त्या एका दर्शनाने मुलीच्या आयुष्याचं सोनं झालं, असं त्यांनी शेवटी सांगितलं. डॉक्टरांनी डोळे पुसले. एका नर्सने ती हकिकत लिहून घेतली.

त्या सगळ्यांत एक गोष्ट सांगायची राहून गेली. त्या दिवशी मुलाखत झालीच नाही. मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या घरी लग्न होतं; सगळ्या मुलींना पुढच्या मंगळवारी या म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, एका कामाला एकदा दर्शन झालं की झालं. त्या मंगळवारी ताई एकटीच गेली आणि निवड झाल्याची चिठ्ठी घेऊन आली. सकाळी तिने परसात बघितलंच नाही. मीही नाही, मला प्लास्टर काढायला बैलगाडीतून कर्जतला नेलं होतं. खिडकीत कुणी नव्हतं, डबा वाजला नाही, आणि कावळ्यांनी दोन लुगड्यांवरच्या सगळ्या कुरडया नेल्या.